मूळ काजळी

कल्याणीवहिनीचं नाक कोल्हापूरच्या सगळ्या उद्यमनगरात प्रसिद्ध होतं. दिसायला नव्हे, कामाला. गाडी चालू ठेवून ती सायलेन्सरमागं उकिडवी बसायची, तळहात धुरात धरायची, मग तो नाकाशी न्यायची आणि सांगायची, "पेट्रोल जास्त पडालंय, इंदर. अर्धा आटा कमी कर." आता आटा फिरवायचे दिवस केव्हाच गेले होते. इंदर, म्हणजे तिचा नवरा इंद्रजित लोहार, लॅपटॉपवरचा आकडा किंचित खाली घ्यायचा. पण शब्द जुनाच होता, आणि तिचं नाकही जुन्या पद्धतीचं होतं. ती परत हुंगायची. "आता बरोबर," म्हणाली की ती गाडी झाली. मग तिला दुसऱ्या मेस्त्रीचा हात लागायचा नाही.

नवऱ्याला चारचौघांत नावानं हाक मारते म्हणून गल्लीतल्या म्हाताऱ्या कुरकुरायच्या. ती म्हणायची, "मी त्याच्यासंगं काम करतो. गाडीखालच्या माणसाला अहो म्हणून कसं बोलवायचं?" आमच्याकडं बायकाही 'मी करतो, मी येतो' असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला ते ऐकून गोंधळायला होतं, त्याला आमचा इलाज नाही.

मी नसीम मुजावर. त्यांच्या गॅरेजला लागून माझं दुकान. मी विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करते, तो पेट्रोलच्या गाड्या. म्हणजे आमचं नातं सवतींचं. हे घडलं त्या वर्षापर्यंत कोल्हापुरात पेट्रोलच्या गाड्या शंभरात दहाही उरल्या नव्हत्या, त्यामुळं भांडणात नेहमी मीच वरचढ. इंदरदादा माझ्या गिऱ्हाइकांकडं बघून म्हणायचा, "नसीम, आणखी एक मिक्सर आला बघ तुझ्याकडं." मी म्हणायची, "असू दे, निदान चूल तरी नव्हं." वहिनी मधे पडायची नाही. ती आम्हा दोघांना चहा आणायची आणि दोघांनाही हसायची.

खरं भांडण होतं ते जाळीवरून.

पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीत, इंजिनाच्या जरा पुढं, एक डबा असतो. त्यात चिनीमातीची एक वीट असते, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेली. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या महागड्या धातूंचा पातळ लेप. इंजिनातला धूर त्या तापलेल्या लेपावरून गेला की त्याचं रूप बदलतं. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा साधा कार्बन डायऑक्साइड होतो. नायट्रोजनची ऑक्साइडं मोडून पुन्हा हवेतला निरुपद्रवी नायट्रोजन होतो. अर्धवट जळलेलं पेट्रोल पुरतं जळतं. धातू स्वतः खर्च होत नाहीत, फक्त हे सगळं घडवून आणतात. या डब्याला मेस्त्री लोक जाळी म्हणतात.

आता एवढ्याशा भोकांतून जायचं म्हणजे धुराची थोडी अडवणूक होणारच. ती जाळी काढून तिथं साधा पाइप बसवला की इंजिनाला थोडी जास्त ताकद मिळते. किती? चार-पाच अश्वशक्ती. आवाज मात्र भरपूर वाढतो, आणि मालकाची छाती त्याहून जास्त फुगते. याला उद्यमनगरात 'गाडी मोकळी करणं' म्हणत. कायद्यानं तो गुन्हा होता. पण विजेची गाडी सिग्नलला बाजूनं सुसाट निघून जाते हे पेट्रोलवाल्यांच्या जिव्हारी लागायचं, आणि कोल्हापूरकर एकदा ईर्षेवर आला की त्याला कायदा दिसत नाही. त्यात जाळी काढली की गाडीतला संगणक गोंधळतो, त्याला धुराचा खरा अंदाज येत नाही. मग पेट्रोल किती नि हवा किती, हे ठरवायला माणसाचं नाक लागतं. म्हणून गाडी मोकळी करावी तर इंदर मेस्त्रीकडंच, असा बोलबाला झाला.

त्यांची स्वतःची एक लाल, लहानशी गाडी होती. तिचं नाव चिमणी. त्यांनी पाखरू म्हणून ठेवलं होतं, मी धुराडं या अर्थानं घ्यायची. मूलबाळ नव्हतं, सगळे लाड चिमणीचे. जाळी पहिल्यांदा निघाली तीही तिचीच, आणि कुठलीही नवी युक्ती आधी तिच्यावर करायची. रोज संध्याकाळी गॅरेजच्या मागच्या भिंतीकडं सायलेन्सर करून ती घुमत राहायची, इंदरदादा लॅपटॉप मांडीवर घेऊन पुढं आणि वहिनी मागं धुरात. दोघं तासन् तास एकमेकांना ओरडून आकडे सांगायची. मला ते बघून राग यायचा आणि जरासा हेवाही वाटायचा. आमच्या घरात नवरा-बायकोचं एवढं बोलणं व्हायचं नाही.

एका वर्षी पन्हाळ्याच्या चढाच्या शर्यतीत चिमणीनं विजेच्या सगळ्या गाड्यांना मागं टाकलं. शेजारच्या सीटवर वहिनी होती. उतरल्यावर तिनं आधी गाडीला आणि मग नवऱ्याला मिठी मारली. पेढे वाटताना मला म्हणाली, "नसीम, आज तुझ्या मिक्सरांचं वाटण झालं बघ." मी पेढा घेतला. दुसरं काय करणार?

खोकला त्याच हिवाळ्यात सुरू झाला.

आधी थंडीचा म्हणून काढा, मग धुळीचा म्हणून रुमाल. मग जिना चढताना मधेच थांबायला लागली. इंदरदादालाही अधूनमधून ढास लागायची, पण तिचा खोकला भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. शेवटी मीच तिला छातीच्या दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर मृणाल कोरगावकर होत्या, चाळिशीच्या आत-बाहेर, सरळ बोलणाऱ्या. इंदरदादा बाहेर बाकावर बसला होता. त्यालाही त्यांनी आत बोलावलं.

"याला लोक काजळदमा म्हणतात. तेच नाव बरं आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या फुप्फुसात भक्षकपेशी असतात. बाहेरून कण आला की त्या त्याला गिळतात आणि संपवतात. साध्या गाडीच्या काजळीचं त्या काहीतरी करू शकतात. पण जाळी काढलेल्या गाडीच्या काजळीवर अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा चिकट थर असतो. पेशी तो कण गिळते, तिला तो पचत नाही, ती मरते. मग दुसरी येते, तीही मरते. तिथं सूज येते, मग वण पडतात. हळूहळू फुप्फुस जाड नि चिवट होत जातं."

वहिनीनं विचारलं, "आणि औषध?"

"एक नवा उपचार आलाय. पण त्याआधी ठसा यायला हवा." डॉक्टर समजावून सांगू लागल्या. प्रत्येक इंजिनाची काजळी वेगळी असते. पिस्टनच्या रिंगा झिजून त्यातला कुठला धातू किती मिसळला, ऑइल कोणतं, पेट्रोल-हवेचं प्रमाण काय, यावरून तिचा ठसा बनतो, माणसाच्या बोटासारखा. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत धुराला मालक नसायचा. धूर हवेत गेला की सगळ्या गावाचा. आता छातीतला थेंबभर द्रव काढून प्रयोगशाळा सांगू शकत होती की हिच्या छातीत अमुक एका इंजिनाचा धूर आहे. ते इंजिन सापडलं तर त्याच्या मालकावर खटला भरायची सोयही कायद्यानं करून ठेवली होती. "द्रव पुण्याला पाठवू. उत्तराला महिना-दीड महिना लागेल. पुढचं तेव्हा बोलू. तोवर यांना स्वच्छ हवेत ठेवा."

वहिनी माहेरी गेली, आजऱ्याला. इंदरदादा तिला माझ्या विजेच्या गाडीतून सोडून आला. परत आला तेव्हा किल्ली माझ्या हातात देताना त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातून त्याच्या कानात एकच शब्द राहिला होता. ठसा.

नवरात्र बसलं. आमच्या उद्यमनगरात देवीच्या बरोबरीनं खंडेनवमीचा मान. त्या दिवशी लेथ, ड्रिल, पाने, हातोडे, सगळं धुऊन-पुसून मांडायचं आणि त्याला हळद-कुंकू लावायचं. ज्यानं पोट भरतं ते एक दिवस तरी निर्मळ असलं पाहिजे, असा रिवाज. आमचं दुकानही त्याला अपवाद नाही. माझ्या अब्बांनी सुरू केलं तेव्हापासून आम्ही बॅटऱ्या पुसतो आणि झेंडूचा हार घालतो. इंदरदादाची तयारी त्या वर्षी घटस्थापनेपासूनच सुरू झाली. त्यानं चिमणीचं इंजिन खाली उतरवलं.

मी डोकावले तर पुरतं इंजिन सुटं करून मांडलेलं. "काय करालायस?" मी विचारलं.

"सगळं काढतो. बोअर मारून सिलिंडर आतनं कोरं करून आणलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा. जाळी बसवालोय परत, कोरी आणली." खोकला येऊन तो थांबला. "वहिनी तुझी परत येईल तेव्हा या गाडीतनं तिच्या अंगाला धुराचा कण लागता कामा नये."

सायलेन्सर त्यानं आधी गॅसच्या ज्योतीनं आतून जाळला आणि मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. धुरानं काळी पडलेली मागची भिंत तारेच्या ब्रशनं खरवडून रंगवली. जुने पिस्टन नि रिंगा भंगारात दिल्या. खंडेनवमीला चिमणी हार घालून दारात उभी केली आणि चालू केली, तर शेजारी उभं राहूनही कुणाला वास येईना. सगळ्या गल्लीनं त्याची पाठ थोपटली. मीही म्हणाले, "दादा, झक्कास केलंस." मला वाटलं, माणूस सुधारला.

आता लोक म्हणतात, त्यानं पुरावा पुसला. मीही त्याला नंतर विचारलं होतं. तो म्हणाला, "खरं सांगू? ब्रश मारताना दोन्ही मनात होतं. तिला जपायचं पण होतं, आणि घाबरलो पण होतो. किती कशाचं ते मला सांगता येत न्हाई." माझा त्याच्यावर विश्वास आहे. माणूस एकाच हातानं दोन कामं करतो, आणि पुष्कळदा त्याला एकच दिसतं.

दसऱ्याला वहिनी घरी यायची होती. ती आली रुग्णवाहिकेतून, थेट दवाखान्यात. आजऱ्यात तिची धाप एकाएकी वाढली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, पण डोळे तसेच मिश्कील. मी आपट्याची पानं तिच्या उशाशी ठेवली. इंदरदादा पायाशी भिंतीला टेकून उभा होता. थोड्या वेळानं डॉक्टर कोरगावकर आल्या.

"ठसा आला," त्या म्हणाल्या. "छातीत पुष्कळ गाड्यांची काजळी आहे. पण जी त्रास देतेय ती जवळजवळ सगळी एकाच गाडीची. आता मी उपचाराचं बोलू शकते. तुमच्या रक्तातून पेशी काढायच्या, त्यांना प्रयोगशाळेत तीच काजळी फोडायला शिकवायचं, आणि परत छातीत सोडायच्या. शिकलेल्या पेशी दोन-तीन महिन्यांत साफ करतात. तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं चालत घरी गेलीत."

"मग अडलं कुठं?" वहिनीनं विचारलं.

"साप चावल्यावर जी लस देतात, ती सापाच्याच विषापासून बनते ना? तसंच हे. पेशींना शिकवायला त्याच इंजिनाची मूळ काजळी लागते. चमचाभर. गाडी शोधायला पोलिसांची मदत घ्यावी लागेल. माणसं लपवतात, त्यात वेळ जातो."

वहिनी नळीतल्या नळीत हसायला लागली. तिला हसता हसता धाप लागली, तरी थांबेना. "त्यात क्रोम जास्त सापडला असंल बघा. त्या रिंगा आम्ही मुद्दाम मागवून घातल्यात. शोधायला कशाला जाताय? दारातच हाय की. आमची चिमणी!"

डॉक्टरही हसल्या. म्हणाल्या, अशी रुग्ण त्यांना पहिल्यांदाच भेटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतरांना सगळं गाव धुंडाळावं लागतं आणि हिचं औषध घरातच! वहिनी मला म्हणाली, "नसीम, तू जा. सायलेन्सर खरवड आणि चमचाभर घेऊन ये. चमचा तुझ्या दुकानातला घे गं, माझ्या स्वैपाकघरातला नको. इंदर, किल्ली दे की तिला."

इंदरदादा हलला नाही.

"इंदर?"

"सायलेन्सर धुतला," तो म्हणाला.

"कधी?"

"खंडेनवमीला."

"असू दे. जाळी-बिळी काढून दोन दिवस चालवा गाडी. परत धरंल काजळी."

त्यानं नकारार्थी मान हलवली. मला सगळं एकदम कळलं आणि मी पलंगाची कड घट्ट धरली. तो म्हणाला, "इंजिन खोललं मी. बोअर मारलं. पिस्टन नवं, रिंगा नव्या. ते इंजिन आता न्हाई, कल्याणी."

वहिनीनं डोळे मिटले. कितीतरी वेळानं उघडले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला न विचारता तू त्या गाडीला कधी हात लावला नव्हतास."

त्या दिवसापासून आम्ही धावत सुटलो. भंगारवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, दसऱ्याआधी सगळा माल फाउंड्रीत गेला. फाउंड्रीत गेलो. तिथला भट्टीवाला भला माणूस, त्यानं आम्हाला ओळीनं मांडलेले नवे ओतीव ठोकळे दाखवले. त्यातला एखादा असेल, म्हणाला. जुनं ऑइल पिंपात पन्नास गाड्यांच्या ऑइलमध्ये मिसळलं होतं. चिंध्या जाळल्या होत्या. मग मला मागची भिंत आठवली. इंदरदादानं गुडघ्यावर बसून पटाशीनं नवा रंग खरवडला, खाली विटेच्या भेगांतून काळं काहीतरी निघालं, ते आम्ही बाटलीत घालून पळत नेलं. पुण्याहून उत्तर आलं: यात रंग आहे, चुना आहे, निदान तीस गाड्यांची काजळी आहे, हवी ती वेगळी करता येत नाही. मूळ इंजिनाच्या जुन्या आकड्यांवरून नवं इंजिन तसंच चालवून बघा, असंही इंदरदादानं डॉक्टरांना सुचवलं. डॉक्टर म्हणाल्या, नव्या रिंगांची झीज वेगळी, ठसा जुळणार नाही, आणि न जुळणाऱ्या काजळीवर शिकलेल्या पेशी काहीच कामाच्या नाहीत.

"पण काजळी हाय की," तो डॉक्टरांवर ओरडला. एरवी कधी ओरडणारा माणूस नव्हे. "तिच्या छातीत भरलीया ती! तिथनं घ्या!"

"छातीतल्या कणांवर त्यांच्याच शरीराच्या प्रथिनांचा लेप बसलाय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "त्यावर पेशी शिकवल्या तर त्या त्यांचंच फुप्फुस खायला लागतील. लेप काढायला तीव्र आम्ल लागतं आणि काजळी बरीच लागते. जिवंत माणसाच्या फुप्फुसातून तेवढी काढता येत नाही."

म्हणजे त्या इंजिनाची काजळी आता जगात एकाच ठिकाणी होती, आणि तिथून ती तिच्याच उपयोगाची नव्हती. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि खूप रडले.

डॉक्टरांनी इंदरदादाचीही तपासणी केली, कारण त्याची ढास त्यांच्या कानावर आली होती. त्याच्या छातीत तीच काजळी निघाली, तोच ठसा. कमी होती, वहिनीसारखा तो मागं बसत नव्हता ना. पण वण पडायला लागले होते. असंच राहिलं तर दोन-तीन वर्षं, असं डॉक्टर म्हणाल्या. त्याला ते ऐकून बरं वाटल्यासारखं दिसलं. मी ते पाहिलं, आणि वहिनीनंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं आणि मला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

"तुम्ही परवा म्हणालासा, जिवंत माणसातनं निघत न्हाई," ती म्हणाली. एकेका शब्दाला तिला थांबावं लागत होतं. "मेलेल्या माणसातनं निघतीया का?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "निघते."

"चमचाभर?"

"त्याहून जास्त."

"मग इंदरला पुरंल."

मी म्हणाले, "वहिनी, असलं काय बोलालाईस?" ती माझ्याकडं बघून म्हणाली, "नसीम, तू बॅटऱ्या उघडतीस न्हवं? एक मेली की तिच्यातलं चांगलं काढून दुसरीला घालतीस. मग?" डॉक्टरांनी तिला दोनदा विचारलं, नीट समजावून विचारलं, आणि तिनं सही केली.

इंदरदादाला कळलं तेव्हा तो वेड्यासारखा झाला. "न्हाई," तो म्हणाला. "मी हे होऊ देणार न्हाई. माझ्यापायी झालं हे. माझ्यासाठी तुला फाडायचं? मला जगायचंच न्हाई."

"मी दहा वर्षं स्वतःच्या पायानं चालत त्या धुरात जाऊन बसलो," वहिनी म्हणाली. "तू काय मला बांधून घातलंवतंस? मला आवडायचं ते. तुझ्याएवढंच माझं बी हाय हे."

"तरीपण न्हाई. मला विचारायचं तरी."

तिनं त्याचा हात आपल्याकडं ओढला. तेवढ्यानंही तिला दम लागला. "तू मला न विचारता इंजिन खोललंस," ती म्हणाली. "आता मी बी तुला विचारणार न्हाई."

तो तिच्या हातावर डोकं ठेवून रडत राहिला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. मी खिडकीबाहेर बघत उभी होते. खाली रस्त्यावरून विजेच्या गाड्या आवाज न करता चालल्या होत्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला.

कल्याणीवहिनी मार्गशीर्षात गेली. पहाटे नाही, रात्री नाही, चांगल्या उन्हाच्या दुपारी, आम्ही दोघं जवळ असताना. शेवटी शेवटी तिला बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी शब्द पाळला. तिला घरी आणली तेव्हा सगळं नीट शिवून, लुगड्याच्या घड्या सारख्या करून पाठवली होती. पंचगंगेवर सगळं उद्यमनगर आलं होतं. ज्यांच्या गाड्या तिनं हुंगल्या होत्या ते सगळे आले होते, आणि सगळे एकमेकांचा खोकला ऐकत उभे होते.

उपचाराला इंदरदादा आपणहून गेला नसता. मी त्याला नेला. पहिल्या वेळी दवाखान्याच्या दारात तो अडून बसला. मी म्हणाले, "दादा, आता तू आत गेला न्हाईस तर तिला उगंच फाडलं असं होईल." फार कठोर बोलले, पण दुसरं काही सुचलं नाही. तो उठला. शिकवलेल्या पेशी एका लहानशा पिशवीतल्या पाण्यात होत्या, दिसायला काहीच नाही. त्या सुईवाटे आत जाताना तो छताकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते मी विचारलं नाही.

उपचार लागू पडला. डॉक्टर म्हणाल्या, एवढा चांगला त्यांनी पाहिला नव्हता. इतकी भरपूर नि इतकी नेमकी काजळी शिकवायला कधीच मिळत नाही. उन्हाळ्यापर्यंत तो जिना न थांबता चढू लागला. ढास गेली. रंग आला. लपवलेलं काही उरलं नव्हतं, त्यानं पोलिसांत जाऊन स्वतःच सगळं सांगितलं होतं. खटला चालू होता, कोर्टानं त्याला गॅरेज बंद ठेवायला सांगितलं होतं. तो दिवसभर गल्लीत येऊन-जाऊन असायचा.

आमच्या गल्लीत माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला. त्याला काही अर्थ नसतो, नमस्कारासारखाच तो. चहावाला विचारायचा, लेथवाला विचारायचा, शाळेला जाणारी पोरं विचारायची, "काय मेस्त्री, बरं हाय न्हवं?" आणि हा दर वेळी थांबायचा. हो म्हणायला त्याला वेळ लागायचा. लोकांना वाटायचं, मेस्त्री अजून आजारीच आहे. म्हणून ते आणखी मायेनं विचारायचे.

एका दुपारी तो माझ्या दुकानात येऊन बसला. मी एक बॅटरी उघडून बसले होते. त्यानं तिच्यातला एक सेल उचलून हातात फिरवला. मग म्हणाला, "नसीम, लोक विचारत्यात बरं हाय का म्हणून. काय सांगायचं त्यांना?"

"खरं असंल ते सांग," मी म्हणाले.

त्यानं एक खोल श्वास घेतला. छातीत कुठं काही वाजलं नाही. "खरं सांगायचं तर बरा हाय मी," तो म्हणाला. "एकदम बरा हाय." आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.

मी उठून शटर अर्धं खाली ओढलं, आणि त्याला रडू दिलं.